फेरो बेटांवर कारखाने नाहीत, मग पारा आला कुठून?

प्रश्न : फेरो बेटांवरच्या डॉक्टरांनी लोकांना देवमासा खाऊ नका असं सांगितलंय म्हणे, पारा सापडला म्हणून. पण ती बेटं पार अटलांटिकात, तिथे कसले आलेत कारखाने? आणि माझी सून पाचव्या महिन्यात आहे, तिचे मासे बंद करू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, पाणी नितळ दिसलं म्हणून मासा चांगला असं नसतं. दगडी कोळसा जळला की पारा धुरातून हवेत जातो, कुठल्या कुठे जाऊन समुद्रात पडतो, तिथे जिवाणू त्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं अंगात साठणारं विषारी रूप, करतात आणि मग तो छोट्या माशातून मोठ्यात, मोठ्यातून त्याहून मोठ्यात असा साठत जातो. फेरोवाले खातात तो पायलट व्हेल, माकूल खाऊन जगणारा, म्हणजे या खाण्याच्या साखळीच्या वरच्या टोकाचा. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांवर लक्ष ठेवलं, तर ज्यांच्या नाळेच्या रक्तात पारा जास्त होता ती सातव्या वर्षी भाषा, लक्ष, स्मरणशक्ती यांत थोडी मागे दिसली. २००८ मध्ये तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सरळ सांगून टाकलं, देवमासा खाण्यालायक राहिला नाही. तिथला कॉड मासा मात्र लोक खातातच, त्यात पारा कमी.

आता हिंदी महासागरातली सेशेल्स बेटं बघा, तिथल्या आया आठवड्याला सरासरी १२ वेळा मासे खायच्या, तरी मुलांमध्ये तसा ठळक परिणाम दिसला नाही. देवमाशाच्या चरबीत पीसीबी नावाची घातक रसायनं पण असतात, आणि साध्या माशातलं ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला चांगलंच, त्यामुळे दोन्ही बेटांना एका मापाने मोजता येत नाही.

तेव्हा सुनेचे मासे अजिबात बंद करू नका हो. बांगडा, तारली, मांदेली खुशाल द्या. मोरी मात्र नको, शार्कच तो. सुरमईचं म्हणाल तर अमेरिकेत गरोदर बायकांना किंग मॅकरेल टाळायला सांगतात आणि आपली सुरमई त्याच जातकुळीतली, म्हणून मोठ्या सुरमईची तुकडी कधीतरीच. आणि कोकम लावून, तळून पारा जातो हा गैरसमज आहे, तो मांसातल्या प्रथिनालाच चिकटलेला असतो. अंगात गेलेला निम्मा उतरायलासुद्धा दीड-दोन महिने लागतात.

कालवांचं गणित वेगळं, ती पाणी गाळून जगतात, त्यांच्यात पाऱ्यापेक्षा कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची भीती जास्त, म्हणून कुठल्या खडकावरची आहेत ते विचारूनच घ्या, बंदराजवळची किंवा सांडपाण्याच्या तोंडची असतील तर सध्या राहू द्या.