रडारवरचा डाग पाहून फवारणी करू नका

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदारांनी विचारलंय, "संध्याकाळी आभाळ निरभ्र, तरी मोबाईलवर मुंबईच्या रडारच्या चित्रात आमच्याकडे फिकट डाग दिसला. तुडतुडे असतील तर लगेच फवारणी घेऊ का?" दापोलीहून दुसरा प्रश्न आलाय, "गारा रडारवर आधी कळतात का?"

फवारणी नको. रडारला कीटक, पक्षी, वटवाघळं दिसतात हे खरं. पण कुलाब्याचं रडार एस बँडचं, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर लहरलांबीचं. बारीक वस्तूकडून परतणारा संकेत तिच्या आकाराच्या सहाव्या घाताने बदलतो; 1 मिलिमीटरच्या थेंबापेक्षा 2 मिलिमीटरचा थेंब 64 पट ठळक! तेवढाच बारीक कीटक 3 सेंटिमीटरच्या एक्स बँडला शंभर पटीहून जास्त ठळक दिसतो. मग सगळीकडे तेच रडार का नाही? कारण आपला आषाढातला मुसळधार पाऊस ती लहर वाटेतच शोषतो, आणि सरीमागचं काही दिसेनासं होतं.

शिवाय पृथ्वी गोल. कुलाब्याहून अर्धा अंश वर सोडलेला किरण रत्नागिरीवर पोचेतो 4 किलोमीटरहून उंच गेलेला असतो. तुमचे तुडतुडे तर मोहोरावर! शांत, दमट संध्याकाळी किरण खाली वाकून समुद्रावर आपटतो, त्यानेही असा डाग उमटतो. तुमचा बहुधा तोच. म्हणून बागेत जा. पानांवर तुडतुड्यांचा चिकटा, म्हणजे त्यांचा चिकट स्राव, आहे का बघा, मोहोर पांढऱ्या कागदावर झटका. फुलकिडे, म्हणजे मोहोरावरची दुसरी बारीक कीड, असतील तर तिथेच वळवळताना दिसतील. फवारणीचा निर्णय त्या चिकट्यावरून आणि कागदावरून घ्या.

गारांचं मात्र रडारवर बऱ्यापैकी कळतं. मोठा थेंब पडताना चपटा होतो, गार गिरक्या घेत येते. आडव्या-उभ्या दोन्ही लहरी सोडणारं रडार हा फरक ओळखतं. लहान लहरलांबीवर मोठ्या गारेला वरचा सहाव्या घाताचा हिशेब लागू पडत नाही, म्हणून नुसत्या लाल-जांभळ्या रंगावरून गारेचा आकार ठरवू नका. हाती वेळ फार थोडा उरतो, बरेचदा काही मिनिटंच. त्यामुळे अवकाळीचा अंदाज हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर दिसला की तयार फळं आदल्या दिवशीच उतरवा. ढग गडगडू लागल्यावर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर कुणीही चढू नका, गड्यालाही चढवू नका. विजेसाठी दामिनी ॲप ठेवा.