लेक नाटकात रमली आहे, पदवीचं काय?

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात इन्फर्मेशन सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलं आहे. गेल्या वर्षापासून ती तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतल्या एका नाटकमंडळीत जाते. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि त्यातून नाटक उभं करायचं, असं ते काम आहे. आता ती म्हणते, शाखा बदलून थिएटर घेते. आई लिहिते, ‘नाटकाला आमचा विरोध नाही, माझे सासरे राज्य नाट्य स्पर्धेत काम करायचे. पण परक्या लोकांच्या नाटकात हिचं भवितव्य काय? तिच्या बाबांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं आहे.’

ताई,

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तिला शाखा बदलू देऊ नका, आणि त्या नाटकमंडळीतून काढूही नका. तिच्या हातात इन्फर्मेशन सायन्सची ही पदवी असेल तरच या क्षेत्रात तिचं बस्तान बसेल, असं मला मनापासून वाटतं.

ती जिथे जाते तिथे काय घडून गेलं आहे, हे तुम्हाला कळल्याशिवाय तिचा ध्यास समजणार नाही. १९६६ साली टूसॉनच्या मतदारांनी शहराच्या नूतनीकरणाचा एक प्रकल्प मंजूर केला आणि पुढच्या काही वर्षांत शहराच्या मध्यावरची सुमारे ८० एकर वस्ती पाडली गेली. मातीच्या विटांची जुनी घरं आणि दुकानं जमीनदोस्त झाली. राहणारी बहुतेक कुटुंबं मेक्सिकन-अमेरिकन होती. त्यांच्या शेजारी चिनी किराणा दुकानदार होते, कृष्णवर्णीय होते, मूळनिवासी ओओदम होते. लालो गरेरो हा पुढे देशभर गाजलेला गायक १९१६ साली याच भागात जन्मला. त्याच्या एक वर्ष आधी कार्मेन सोतो वास्केझ नावाच्या बाईंनी तिथे स्पॅनिश नाटकांसाठी ‘तेआत्रो कार्मेन’ हे नाट्यगृह बांधलं होतं. ती इमारत पाडापाडीतून वाचली. बाकीच्या मोकळ्या केलेल्या जागेवर कन्व्हेन्शन सेंटर उभं राहिलं आणि १९७१ साली ते सुरू झालं.

आता पुढचं ऐका. मार्च २०१६ मध्ये बॉर्डरलँड्स थिएटर या तिथल्या जुन्या संस्थेने त्याच कन्व्हेन्शन सेंटरच्या आवारात ‘बार्रियो स्टोरीज’, म्हणजे वस्तीच्या गोष्टी, नावाचा प्रयोग केला. तिकीट नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत. प्रेक्षक आवारात हिंडत होते आणि जागोजागी छोटे प्रवेश चालू होते, जुन्या रहिवाशांच्या आठवणींतून उभे केलेले. ज्यांची घरं तिथे होती त्यांच्या मुला-नातवंडांनी आपल्या घराची गोष्ट त्याच जमिनीवर उभं राहून पाहावी, यापेक्षा मोठं काम नाटकाने काय करायचं?

शाळांची गोष्टही यालाच जोडून आहे. ॲरिझोनाने २०१० साली एक कायदा केला आणि त्याच्या दबावाखाली जानेवारी २०१२ मध्ये टूसॉनच्या सरकारी शाळांमधले मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचे वर्ग बंद झाले. २०१७ साली केंद्रीय न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली. मधल्या काळात मुलांना आपल्या वस्तीचा इतिहास सांगायला आजी-आजोबा होते आणि अशी नाटकं होती. तुमची लेक ज्या लोकांच्या ओसरीवर बसून ऐकते आहे, त्यांच्यासाठी हे नाटक हौसेपुरतं नाही.

या परंपरेचा उगम तुम्हाला अगदी जवळचा वाटेल. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या डेलानोमध्ये द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्या संघटनेत लुईस वाल्डेझ या तरुणाने संपकऱ्यांनाच नट केलं आणि ‘एल तेआत्रो कांपेसीनो’ सुरू केलं. उघडा ट्रक हाच रंगमंच. नटाच्या गळ्यात पाटी असे, एकाच्या ‘संपकरी’, दुसऱ्याच्या ‘संपफोड्या’, म्हणजे कोण कोण आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळावं. आपल्याकडे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारांसमोर त्यांचंच जगणं मांडलं. हे तिच्या बाबांना जरूर सांगा. सासऱ्यांना तर सांगावंही लागणार नाही. तिकडे अमेरिकेत पुढे डेन्व्हरला ‘सू तेआत्रो’ ही नाटकमंडळी निघाली, लॉस एंजेलिसच्या बॉईल हाइट्समध्ये ‘कासा ०१०१’ निघालं. ही मंडळी पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या एका परंपरेतली आहेत, तेव्हा ही कुठली तरी नाटकमंडळी आहे, हा विचार मनातून काढून टाका.

आता ‘परके लोक’ हा तुमचा मुद्दा. तो खरा आहे, पण तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. ती वस्ती, ते घर, ती आठवण तिची नाही. म्हणून तिने त्या गोष्टीची लेखिका किंवा दिग्दर्शिका व्हायची घाई करू नये. तो मान वस्तीतल्या मुलांचा. पण या कामात असा पुष्कळ भाग आहे जो कुणालाही नीट शिकून करता येतो आणि जो करायला माणसं मिळत नाहीत.

एका मुलाखतीचं काम कसं चालतं ते सांगते. आजींच्या घरी जाऊन आधी कूलर आणि फ्रिज बंद करावे लागतात, नाहीतर त्यांची घरघर आवाजात उतरते. संमतीपत्र समजावून सांगावं लागतं: रेकॉर्डिंग कुठे राहील, कोण वापरू शकेल, नाव द्यायचं की नाही, आणि उद्या मन बदललं तर काय. मग दोन तास गप्प बसून ऐकायचं. घरी येऊन तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास सहज लागतात. बोलणं अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी असेल तर त्याहून जास्त. नावं, गल्ल्या, साल तपासायचं. फाइलला नीट नाव आणि माहिती जोडायची, म्हणजे दहा वर्षांनी कुणी शोधलं तर सापडेल. संहिता तयार झाली की आजींना वाचून दाखवायची, आणि त्या म्हणाल्या ‘हे काढा’ तर मुकाट्याने काढायचं. यातलं निम्मं काम इन्फर्मेशन सायन्सचंच आहे हो! थिएटरची पदवी घेतलेले तिथे बरेच भेटतील. ध्वनिमुद्रणांचा संग्रह नीट लावून देणारी मुलगी त्यांना क्वचित भेटेल.

तिच्याच विद्यापीठात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे आणि त्यात ‘नॉलेज रिव्हर’ नावाचा एक उपक्रम आहे. लॅटिनो आणि मूळनिवासी समाजांच्या माहितीच्या गरजांवर तो बेतलेला आहे. त्याचे सध्याचे नियम आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का, हे तिने आत्ताच जाऊन विचारावं. मौखिक इतिहासातच एम.ए. करायचं झालं तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तसा अभ्यासक्रम आहे, पण तो महाग आहे. आणखी कर्ज काढून तिथे जाऊ नये. आत्ता मेक्सिकन-अमेरिकन स्टडीज हा विषय मायनर, म्हणजे मुख्य शाखेला जोडविषय, म्हणून घ्यावा आणि स्पॅनिश मनापासून शिकावी. स्पॅनिश न शिकता हे काम करायचं म्हणत असेल, तर मात्र मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

व्हिसाचं गणित कडक आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने ओपीटीवर, म्हणजे आपल्या शाखेतलं काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येतं. स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताची, शाखा असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. नाट्यशाखा बहुधा स्टेममध्ये बसत नाही, म्हणजे शाखा बदलली की दोन वर्षं हातची जातील. तिच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, छापलेला सीआयपी कोड, म्हणजे शाखेचा सरकारी क्रमांक, स्टेमच्या यादीत आहे ना, हे तिने तपासून घ्यावं. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: नाटकमंडळीने प्रवासखर्च, मानधन किंवा गिफ्ट कार्ड देऊ केलं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नये. अशा छोट्या रकमेपायी व्हिसा गोत्यात येऊ शकतो.

पैशाबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. अशा संस्था अनुदानांवर चालतात, आणि अनुदानाचा भरवसा नसतो. मे २०२५ मध्ये एनईए या केंद्रीय कलासंस्थेने कित्येक संस्थांची मंजूर झालेली अनुदानं रद्द केली. कर्जाचा हप्ता नाटकमंडळीच्या पगारावर फिटणार नाही. ग्रंथालय, संग्रहालय किंवा विद्यापीठाचा संग्रह विभाग इथली नोकरी आणि संध्याकाळी नाटक, अशीच बहुतेकांची गाडी चालते. आणि ती परत आली तरी हे शिक्षण वाया जाणार नाही. १९८२ च्या संपात उतरलेले मुंबईचे गिरणी कामगार आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं बोलणं नीट नोंदवून ठेवणारी शिकलेली माणसं आपल्यालाही हवी आहेत.

बाबांनी बोलणं टाकलं आहे, याची मला जास्त काळजी वाटते. त्यांनी एकदा फोन करून फक्त इतकं विचारावं की तू कुणाची मुलाखत घेतलीस आणि ते काय म्हणाले. शाखेचा विषय त्या फोनवर काढू नये. मग पुढच्या सत्राची नोंदणी सुरू व्हायच्या आत तिने दोन ईमेल पाठवावेत: एक शैक्षणिक सल्लागाराला, मायनरसाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला, नाटकमंडळीतल्या कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून. उत्तरं आली की मला कळवा. सीपीटीखाली, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीखाली, पगारी इंटर्नशिप मिळते का, हे आपण तेव्हा पाहू.