एकट्याच्या रोजच्या शाकाहारी जेवणात, घरात असेल त्यातून सॅलड आणि सँडविच कसे जमवावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की बदलीमुळे तुम्ही पुण्याहून रत्नागिरीला आलात, खोलीवर एकच शेगडी आहे, मासे खात नाही, आणि पुण्यात नेत होतात तेच काकडी-टोमॅटोचे सॅलड व सँडविच इथे दुपारच्या सुट्टीपर्यंत पाणी सुटून बेचव होते. तेव्हा इथली शाकाहारी घरे रोज काय करतात, हे तुम्हाला हवे आहे. मी याच गावात गेली २२ वर्षे शाळेत डबा नेत आहे आणि ही फजिती माझीही झालेली आहे. नोकरीच्या पहिल्याच जुलैत मी मोठ्या हौसेने काकडी, टोमॅटो आणि हिरव्या चटणीचे सँडविच नेले होते. एक वाजता डबा उघडला तेव्हा वरचा पाव हाताला चिकटून आला आणि खालचा डब्यातच राहिला. शेजारी बसणाऱ्या बाईंनी काही न बोलता आपल्या डब्यातले दोन घावन माझ्यापुढे सरकवले.

दोष काकडीचा नसतो, मीठ कधी घातले याचा असतो. मीठ लागले की काकडीतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि बंद डब्यात ते जाणार कुठे? म्हणून आमच्याकडे कोशिंबिरीला मीठ ताटात वाढतानाच लागते. खमंग काकडी करताना काकडी किसत नाहीत, चोचवतात. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या तोंडावर उभे-आडवे बारीक घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापून घ्यायचा, की मुगाच्या दाण्याएवढे तुकडे पडतात आणि किसल्यासारखा त्यांचा लगदा होत नाही. त्यात दाण्याचे कूट, ओले खोबरे, चिमूटभर साखर, लिंबू, आणि वरून तुपात जिरे व हिरवी मिरची यांची फोडणी. कूट आणि खोबरे उरलेसुरले पाणी धरून ठेवतात. डब्यात न्यायचे असेल तर मीठ कागदाच्या पुडीत वेगळे न्यावे. पुडी विसरलात तर कार्यालयात कोणाकडे तरी लोणचे असतेच.

लिंबू महाग झाले की मी कोकमाचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरते. वाटीभर चिरलेल्या काकडी-कांद्याला एक लहान चमचा पुरतो. मात्र आगळात मुळातच भरपूर मीठ असते, तेव्हा वर आणखी मीठ घालू नये आणि तेही खाण्याच्या वेळीच ओतावे. पावसाळ्यात बाजारात तवसे मिळते, म्हणजे इथली मांडवावर वाढणारी जाडजूड काकडी. कोवळे असेल तर ते कोशिंबिरीला उत्तम. पिकून पिवळे पडलेले तवसे कच्चे खाण्यात मजा नाही, त्याचे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करतात आणि एका शेगडीवर, एकट्यासाठी, तो उद्योग मी तुम्हाला सुचवणार नाही. मोड आलेले मूग या दमट हवेत लवकर आंबूस होतात, म्हणून मी ते कच्चे न घालता तीन-चार मिनिटे वाफवून घेते.

पाणी सुटते म्हणून ज्याची तक्रार करतो, त्याच पाण्यावर दडपे पोहे होतात, आणि तुमच्यासारख्या एकट्या माणसाला याहून सोयीचा पदार्थ मला दिसत नाही. दोन वाट्या पातळ पोहे घ्यावेत, जाड पोहे चालणार नाहीत. त्यात पाऊण वाटी ओले खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, हवी तर काकडी किंवा टोमॅटो, मीठ, साखर, लिंबू आणि नारळ फोडताना निघालेले थोडे पाणी घालून हाताने नीट चुरावे, आणि झाकण ठेवून त्यावर काही जड ठेवून वीस मिनिटे दडपावे. कांद्याचे, काकडीचे आणि खोबऱ्याचे पाणी पोहे पिऊन टाकतात व अंगच्या ओलाव्यानेच मऊ होतात. वरून हिंग, मोहरी, मिरची यांची फोडणी, आणि असल्यास भाजलेला पोह्यांचा पापड चुरून. शेगडी लागते ती फोडणीपुरती. परगावच्या पाहुण्यांना मी हेच सॅलड म्हणून वाढले आहे आणि कोणी हरकत घेतलेली नाही.

आता सँडविच. पावसाळ्यात बेकरीचा पाव दोन दिवसांत बुरसतो. बुरशी लागलेला भाग कापून उरलेला खाणे बरोबर नाही, कारण तिचे तंतू दिसतात त्यापेक्षा आत गेलेले असतात. फ्रीज असेल तर पाव त्यात ठेवावा. तो कडक होतो खरा, पण तव्यावर शेकला की पुन्हा मऊ पडतो. दोन्ही कापांना आतून लोणी किंवा घट्ट तूप कडेपर्यंत लावावे, म्हणजे चटणीचा ओलावा पावात उतरत नाही. चटणी वाटताना पाणी न घालता ओले खोबरे, कोथिंबीर, मिरची, मीठ आणि आमसुलाचा तुकडा एवढेच घ्यावे. आणि आत कच्चे काही न घालता कालची कोरडी भाजी घालावी, हे माझे ठाम मत आहे. रात्री केलेली काळ्या वाटाण्याची उसळ उरली तर सकाळी तिचा रस आटवून, वाटाणे वाटीच्या बुडाने ठेचून मी पावात भरते. तव्यावर ठेवून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला की सँडविच छान दाबले जाते; वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. उन्हाळ्यात कुयरीच्या भाजीचे, म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीचे सँडविचही असेच होते. फक्त कुयरी बाजारातून चिरून घ्यावी, नाहीतर तिचा चीक हातावरून आणि सुरीवरून काढण्यात तुमची सकाळ जाईल. ओल्या काजूगरांची उसळ मात्र पावात घालू नये. शेकड्यावर मोजून घेतलेले गर असे दडपून टाकणे मला तरी पाहवत नाही.

पावाचाच आग्रह नसेल तर घावन करावेत. तांदळाच्या पिठात पाणी आणि मीठ घालून ताकासारखे पातळ करावे, तवा चांगला तापल्यावर वाटीने कडेकडून मध्याकडे ओतावे आणि झाकण ठेवावे, की आपोआप जाळी पडते. त्याला चटणी लावून चौघडी घडी घातली की डबा तयार. एक वाजेपर्यंत ते मऊ राहते, ओले होत नाही. त्या बाईंनी मला दिलेले घावन मी अजून विसरलेले नाही.

बाकी रोजच्या जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. इथे पालेभाजी आणि टोमॅटो बरेचसे घाटावरून येतात, आणि पावसात कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात दरड कोसळली की बाजारात चार दिवस रडतखडत भाजी मिळते. म्हणून डबे भरलेले असावेत. कुळथाचे पीठ, काळे वाटाणे, कडवे वाल, पातळ पोहे, आमसुले, आणि दोन नारळ. कुळथाचे पिठले दहा मिनिटांत होते: लसूण-मिरचीची फोडणी, दोन वाट्या पाणी, आमसूल, आणि गार पाण्यात कालवलेले तीन चमचे पीठ, गुठळी न होऊ देता. भात त्याच शेगडीवर आधी करून कापडात गुंडाळून ठेवावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्या आळीतल्या मासे खाणाऱ्या घरांतूनही संध्याकाळी याच फोडणीचा वास येतो.

नारळ अर्धा उरला तर पाणी ओतून टाकू नका, पोह्यांना ठेवा. उद्या माझ्या डब्यात तेच आहे. मीठ आत्ताच पुडीत बांधून पिशवीत टाकले आहे.