साखर, शर्करा आणि सुक्रोज

प्रश्न : दहावीतल्या मुलाच्या पुस्तकात 'सुक्रोज' आहे, सासूबाईंच्या तपासणीच्या कागदावर 'रक्तशर्करा'. सासूबाई म्हणतात, "मी साखर सोडली, आता चहात गूळ घालते. गुळात कुठली आली शर्करा?" हे तिन्ही शब्द एकच का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, एकच नाहीत. निपाणीकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी रस तपासण्यात गेली, म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडा, रेव. उसाचा रस आटवून खडे झाले, त्यांनाही तेच नाव पडलं. प्राकृतात त्याचं सक्करा झालं. आपली साखर आणि शेजारच्या कानडी घरातली सक्करे, दोन्ही तिथूनच आल्या. तोच शब्द फारसी, अरबी असा फिरत फ्रेंचमध्ये गेला. १८५७ साली विल्यम मिलर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्या फ्रेंच शब्दाला 'ओज' जोडून सुक्रोज केलं. मुलाला हे जरूर सांगा, मग तो शब्द त्याला परका वाटणार नाही.

आज शास्त्रात शर्करा हे अख्ख्या कुळाचं नाव आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातलं लॅक्टोज ही त्यातली माणसं. सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. पोत्यातली पांढरी साखर जवळजवळ निव्वळ सुक्रोज असते. ती खाल्ली की आतड्यात जोडी फुटते. रक्तात मोजतात ते ग्लुकोज. तेव्हा मुलाने पेपरात रक्तशर्करेला सुक्रोज लिहू नये.

लॅबमध्ये मात्र आम्ही सुक्रोज क्वचितच म्हणायचो. मराठी असो की कानडी, सगळ्यांच्या तोंडी एकच विचारणा : "आज पोल किती?" रस निवळून, गाळून नळीत भरायचा आणि त्यातून एका पातळीत आणलेला प्रकाश सोडायचा. सुक्रोज तो प्रकाश उजवीकडे वळवतं. किती वळला त्यावरून रसात सुक्रोज किती ते कळतं, तोच पोल. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की सुक्रोज फुटायला लागतं आणि पोल उतरतो. सगळं फुटलं तर प्रकाश उलटा, डावीकडे वळतो, म्हणून त्या फुटण्याला 'इन्व्हर्शन' म्हणतात. पावसाने गाड्या अडकल्या की पोलचा आकडा लिहिताना माझा हात जड व्हायचा. शेतकऱ्याचं वर्षभराचं पाणी, खत त्या नळीत दिसायचं.

गुऱ्हाळावरच्या गुळव्याला यातला एकही शब्द लागत नाही. शिळा ऊस आला की तो काहिलीकडे बघूनच सांगतो, "ह्याचा गूळ बसायचा नाही." कारण तेच : फुटलेल्या सुक्रोजचे खडे धरत नाहीत.

आता सासूबाईंचं. गुळात साधारण ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच असतं, वर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं. लोह आणि इतर क्षार असतात, पण चहातल्या खड्यापुरते किती येणार? त्यांच्या रक्तात गुळाचंही ग्लुकोजच होतं. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दिवसाला किती गूळ होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. "साखर बंद आहे" एवढंच सांगितलं तर त्यांना गुळाचा पत्ताच लागणार नाही.