कपेल, चॅपल आणि अर्धा झगा

प्रश्न असा होता की ख्रिस्ती लोकांच्या छोट्या प्रार्थनाघराला गोव्यात कपेल म्हणतात आणि इंग्रजीत चॅपल, तर मूळ कुठलं, आणि कपेलचा आपल्या कापडाशी काही संबंध आहे का. शेवटच्याचं आधी सांगतो, नाही. कापड संस्कृत कर्पटवरून आलंय. पण गंमत म्हणजे कपेलच्या मुळाशीसुद्धा अंगावरचं वस्त्रच आहे, फक्त ते रोमन सैनिकाचं.

हा सैनिक म्हणजे मार्टिन, चौथ्या शतकातला, जन्म आजच्या हंगेरीत, बाप रोमन सैन्यात म्हणून पोरगंही सैन्यात. फ्रान्समधल्या आमिएँ शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत एक उघडा भिकारी दिसला, मार्टिनकडे द्यायला झग्याशिवाय काहीच उरलं नव्हतं, मग तलवारीने झग्याचे सरळ दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला. त्या रात्री स्वप्नात येशू तोच तुकडा पांघरून आला अशी कथा आहे, ती लिहिणारा सुल्पिशियस सेव्हरस मार्टिनला प्रत्यक्ष भेटलेला. पुढे मार्टिनने सैन्य सोडलं, मठात राहिला, मनात नसताना फ्रान्समधल्याच तूर शहराचा बिशप झाला आणि ३९७ मधे गेला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की प्रिसिलियन नावाच्या 'पाखंडी' माणसाला सम्राट देहदंड देणार होता तेव्हा मार्टिन त्याचा जीव वाचवायला भांडला, मतं पटत नसूनही.

आता शब्द. उत्तर-लॅटिनमधे झगा म्हणजे काप्पा, छोटा झगा काप्पेल्ला. मार्टिनचा उरलेला झगा फ्रँक राजांनी (म्हणजे फ्रान्सच्या जुन्या राजांनी) पवित्र अवशेष म्हणून जपला, त्यावर शपथा घेतल्या जायच्या आणि लढायांनाही तो बरोबर न्यायचे म्हणतात (सैन्य सोडलेल्या माणसाचा झगा, बघा आता!). तो ठेवायची जागा ती काप्पेल्ला, सांभाळणारा पाद्री तो कापेल्लानुस, म्हणजे आजचा चॅप्लेन. मग हळूहळू कुठलंही छोटं प्रार्थनाघर काप्पेल्लाच झालं.

क चा च कसा झाला? ते फ्रेंचचं काम. लॅटिनमधल्या क नंतर अ आला की जुन्या फ्रेंचमधे बऱ्याचदा च व्हायचा, पुढे त्याचा श झाला. इंग्रजीने चॅपल आधीच उचलला म्हणून त्यात च राहिला. चीफ आणि शेफ हे तर एकच शब्द आहेत, दोन्ही लॅटिन कापुत म्हणजे डोकं यावरून, फक्त चीफ आधी उचलला आणि शेफ फार नंतर. पोर्तुगीजमधे क टिकला, कापेला, त्यामुळे आपल्याकडचं कपेल उच्चाराने चॅपलपेक्षा लॅटिनच्या जास्त जवळचं. वाद्यांशिवाय गातात ते आ कापेल्ला पण यातलंच, कपेलच्या पद्धतीने गाणं.

तेव्हा गोव्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या वस्तीवरच्या, प्रार्थनाघराबद्दल लिहिताय तर बिनधास्त कपेल लिहा, चॅपल करायची काही गरज नाही. इगर्ज मात्र वेगळी, ते गावाचं मुख्य चर्च, आणि तो शब्द ग्रीक एक्लेसियावरून पोर्तुगीजमार्गेच आलाय.