रॅम्प बांधला, तरी तो येईना
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे)

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आमची मंडळी दर्यापूर तालुक्यातली, चाळीसेक घरांची. मंडळीतला एक पोरगा तीन वर्षांपूर्वी कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून पडला. मणक्याला मार लागला, कमरेखालचं अंग गेलं. आता वय सव्वीस. आम्ही वर्गणी काढून चर्चला रॅम्प केला, अठरा हजार लागले. पोरगा दोन रविवार व्हीलचेअरवर आला, तिसऱ्या रविवारपासून बंद. पाळकसाहेबांनी दोन्ही वेळा त्याला पुढे घेऊन आरोग्यासाठी प्रार्थना केली, सगळी मंडळी रडली. तरुण संघाची चार पोरं त्याला उचलून आणायलाही तयार आहेत. मग तो काहून येत नाही? आमचं काय चुकलं? रॅम्पचा फोटो सोबत आहे.
– मंडळीचा सेक्रेटरी

उत्तर : दादा, जय ख्रिस्त. फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. पत्रात रॅम्प होता, फोटोत घसरगुंडी निघाली.

तुमचा ओटा पाच पायऱ्यांचा, म्हणजे अडीच फूट उंच धरू. रॅम्प आठ फुटांच्या वर दिसत नाही. याचा हिशेब गवंड्याला माहीत नसतो, पण सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटांना तीस फूट. समोर तेवढी जागा नाही हे दिसतंच आहे, म्हणून भिंतीच्या कडेने न्या, कोपऱ्यावर पाच बाय पाचचा सपाट टप्पा द्या आणि तिथून दाराकडे वळवा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला नळी. आणि त्या चकचकीत फरशा आधी काढा. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही आपटेल. खरबरीत सिमेंट, त्यावर आडव्या रेघा, बस्स.

रॅम्प पायऱ्यांपासून दोन बोटं सुटलाय, तोही दोष गवंड्याच्या हाताचा नाही. तुमची जमीन काळी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या चर्चचा पाया खोल आहे, ते जागचं हललं नाही. रॅम्प मातीवर नुसता ठेवलाय, तो मातीबरोबर वरखाली होतो. खालची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोकून बसवा, मग बांधकाम करा. अठरा हजार वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण आणखी लागतील.

रॅम्पवर एवढं लिहिलं, कारण तुम्ही फोटो रॅम्पचा पाठवलात. तो येत नाही त्याचं कारण मात्र तुमच्याच पत्रात आहे. "दोन्ही वेळा पुढे घेऊन."

मी चौदा वर्षांची होते. माझे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. आई सांगायची, ताप होता, सुई टोचली आणि पाय गेले. पोलिओच्या तापात स्नायूत सुई बसली की लुळेपणा वाढू शकतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तर गावात तंबू ठोकून आरोग्यसभा झाली. आईने मला खांद्यावर घालून नेलं. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी डोक्यावर हात ठेवला, दोघांनी काखेत हात घालून उभं केलं, "पोरी, उठ, चाल" म्हणाले आणि सोडलं. मी पडले. कोपर फुटलं. पेटीवाल्याने पुढचं गीत सुरू केलं. खाली उतरताना एकजण आईला म्हणाला, "बाई, घरात विश्वास कमी हाय." आईने त्यानंतर वर्षभर शुक्रवारचा उपास धरला. माझ्या पायांसाठी नाही, स्वतःच्या विश्वासासाठी.

तुमचे पाळकसाहेब तसे नाहीत, हे मी धरून चालते. ते प्रेमाने करतात. पण त्या पोराच्या जागी बसून बघा. तो उपासनेला आला होता. गीत म्हणायला, वचन ऐकायला, मागे बसून मित्राच्या कानात काहीतरी सांगून हसायला. तुम्ही त्याला दोनदा समोर नेऊन ठेवला आणि दोनदा तो जसाच्या तसा परत गेला. ऐंशी माणसांच्या देखत. तिसऱ्यांदा कोण येईल?

मग आरोग्याची प्रार्थना करायचीच नाही का, असं तुम्ही विचाराल. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा, चौदावं वचन. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, असं आहे. बोलवायचं त्याने. वडिलांनी उठून त्याला पकडायचं, असं तिथे नाही. त्याने बोलावलं तर जा, तेल लावा, मनापासून प्रार्थना करा. त्याच्या घरी, दार लोटून.

आता त्या चार पोरांविषयी. त्यांना मंडळीत सगळे "मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले चौघे" म्हणत असतील, नाही का? पक्षघाती माणसाला उचलून येशूकडे नेणारे ते चौघे. आमच्याकडेही म्हणायचे. उचलणाऱ्याला फार छान वाटतं. उचललेल्याचा शर्ट वर सरकतो, चप्पल पडते, लघवीची नळी लावलेली असेल तर ती ओढली जाते आणि खाली ठेवेपर्यंत तो श्वास धरून असतो. तीस फुटांचा रॅम्प झाला की त्या चौघांना दुसरं काम द्या.

अजून एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितली नसेल आणि तो पोरगा तर मुळीच सांगणार नाही. मणक्याला असा मार बसला की लघवीची जाणीव जाते. घड्याळ पाहून, बहुतेकांना दर चार-सहा तासांनी, नळी घालून ती काढावी लागते. घरून निघणं, मित्राची वाट पाहणं, तीन तासांची उपासना, मग अर्धा तास बाहेर सगळ्यांचे सलाम. तुमच्या चर्चमागच्या संडासाचं दार किती रुंद आहे? दोन फूट असेल तर व्हीलचेअर आत जात नाही, मोकळं तीन फूट लागतं. अशी माणसं बाहेर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी तोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

बुडाखालच्या कातडीलाही जाणीव नसते. एका जागी बसून राहिलं की आत जखम होते, कळत नाही, आणि ती महिनोन्महिने भरत नाही. म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलून धरावं लागतं. प्रवचन चालू असताना कोणी असं करताना दिसला की मागची बाई म्हणते, याचं लक्ष नाही. लक्ष नसतं तर तो आलाच नसता.

बसायचं म्हटलं की मला आमचं जुनं चर्च आठवतं. लहानपणी तिथे सतरंजी होती. सगळे खाली, मीही खाली, हातांवर सरकत कुठेही जायचे. मग कोणीतरी बाकं दान दिली. फार कौतुक झालं, अर्पणाची प्रार्थना झाली. त्या रविवारपासून माझ्यासमोर बाकाची फळी आणि माणसांच्या टाचा. टाचांवरून मी माणसं ओळखायला शिकले, अजूनही ओळखते. बाकं देणाऱ्याची चूक नव्हती. मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुम्ही विचारा. मधल्या वारी जा, एकटे जा, पाळकसाहेबांना नेऊ नका. त्याची आई दारातच उत्तरं द्यायला लागेल, तिला चहा करू द्या. पोराशी बोला. कुठे बसशील, किती वेळ बसवेल, मधेच बाहेर जावंसं वाटलं तर कोणत्या दाराने, संडासाचं काय करू या, प्रार्थना हवी की नको. आणि हेही विचारा की तुला काय काम करायला आवडेल. तुमच्या पत्रात तो कसा पडला ते आहे, पण पडण्याआधी चर्चमध्ये काय करायचा ते नाही. ढोलक वाजवायचा? संडेस्कूल घ्यायचा? नाताळाला तारा कोण बांधायचं? पाय गेले म्हणून ढोलकीचा हात जात नाही. आणि तो सरळ म्हणाला की मला यायचंच नाही, तर तेही ऐकून घ्या. सव्वीस वर्षांचा आहे, त्याला तो हक्क आहे.

मला स्वतःला बायबलातल्या २ शमुवेलाचा नववा अध्याय फार आवडतो. दावीद राजाच्या जिवलग मित्राचा, योनाथानाचा, मुलगा मफीबोशेथ, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून लंगडा झालेला. दावीद त्याला बोलावून घेतो, आजोबाची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो. तो दोन्ही पायांनी लंगडा होता, एवढं सांगून अध्याय संपतो. पाय बरे झाले, असं कुठे येत नाही. यावर प्रवचन मी आयुष्यात दोनदा ऐकलं, त्यातलं एक माझं स्वतःचं.

आपल्या विदर्भाला ही माणसं नवीन नाहीत. अचलपूरजवळ कोठाऱ्याचं मिशनचं कुष्ठरुग्णालय, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन, सगळी कुष्ठरोग्यांसाठीची, मोठ्या मनाची कामं, आणि ज्या काळात गावाने हाकललं त्या काळातली. पण वेगळी जागा बांधून देणं आपल्याला जमतं. आपल्याच रांगेत, आपल्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असं बसवायचं म्हटलं की आपण रॅम्पचा फोटो काढतो. रागावू नका, दादा. पत्र लिहून विचारणारे तुम्ही पहिलेच सेक्रेटरी आहात.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. तिच्या बरोबरीच्या सगळ्यांचं दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर विश्वास जाहीर करायचा विधी, झालं. तिला दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार पाठ होत नाही, म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि पेला, मिळत नाही. ताट समोरून जातं तेव्हा ती हात पुढे करते, मी तो धरून ठेवते. पौलाने स्वतःची परीक्षा करायला सांगितलं आहे, असं मला सांगण्यात आलं.
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाई, पौलाने सांगितलं आहे, खरं आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अकरावा अध्याय. पण ते वचन एकटं वाचायचं नाही, थोडं वरून वाचायचं. तिथे तक्रार कसली आहे? ज्यांच्याकडे आहे ते आधीच जेवून घेतात, गरीब उपाशी राहतो. आणि परीक्षेचं सगळं सांगून झाल्यावर शेवट कुठे येतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. पाठांतराचं नाव नाही. रांगेतल्या माणसाला वगळून जेवणाऱ्याने स्वतःला तपासावं, असा तो सगळा प्रकार आहे. तुमच्या मुलीने कोणाला वगळलंय?

प्रत्येक पंथाचे नियम वेगळे असतात, ते मी इथे बसून मोडू शकत नाही. पाळकांना भेटा आणि एवढंच मागा: पाठ म्हणून घेऊ नका, तिला विचारा की हे कोणाचं जेवण आहे. ती येशूचं म्हणाली, किंवा नुसतं वर बोट दाखवलं, तरी माझ्या मते पुरे. आमच्याकडे असाच एक आहे, आता चाळिशीचा. प्रभुभोजनानंतर काचेचे छोटे पेले तो गोळा करतो, मोजतो, धुतो. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक फुटला नाही. माझ्या हातून दोन फुटलेत. मोजताना एखादा पेला कमी निघाला की तो मोठ्याने विचारतो, आज कोण नाही आलं? पाळकांना ते नंतर घरी जाऊन शोधावं लागतं.

आणि तोपर्यंत, ताट येईल तेव्हा तिचा हात धरून ठेवू नका. वाढणाऱ्याला तो हात दिसू द्या.

प्रश्न : मला सिकलसेल आहे. वरून धडधाकट दिसते. नाताळात पहाटेच्या गाण्यांना जात नाही, म्हणून तरुण संघात मला आळशी म्हणतात.
– धारणीकडची एक वाचक

उत्तर : पोरी, संघाच्या पुढाऱ्याला हे वाचायला दे. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडांत जीवघेणी कळ उठते. थंडी लागली, पाणी कमी प्यालं, फार दमणं झालं की हे होतं. मेळघाटातली डिसेंबरची पहाट म्हणजे त्याला आमंत्रणच. हा आळस नाही, कायद्यानेही नाही: १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात सिकलसेल आहे. दाखला जिल्हा रुग्णालयात मिळतो, काढून ठेव.

संघाला माझं सांगणं एवढंच की फेरी कुठूनही सुरू करा, पण शेवटचं गाणं हिच्या ओट्यावर म्हणा. तोवर उजाडलेलं असेल. ती आत चुलीशी बसून तुमचा आवाज कुठवर आला ते ऐकत असेल. चहा तिच्याकडचा, आणि वरचा सूर तिने धरायचा.