आपल्या हवाई दलाकडे ए-१०सारखं विमान का नाही?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या ए-१० 'वॉर्टहॉग'सारखं, जमिनीवरच्या जवानांना जवळून साथ देणारं खास विमान भारताने का घेतलं नाही. मी यावल तालुक्यातला. हवाई दलात वेपन फिटर, म्हणजे विमानांवर शस्त्रं बसवणारा, होतो, जोधपूरला मिग-२७वर काम केलं, म्हणून लिहितोय.

ए-१० तोफेभोवती बांधलेलं विमान आहे. ३० मिलिमीटरची, सात नळ्यांची तोफ, मिनिटाला ३,९०० गोळ्यांचा वेग, पायलटच्या बुडाखाली-बाजूंना टायटॅनियमचं चिलखत. सोव्हिएत रणगाडे अडवायला ते घडवलं. हळू उडतं, घिरट्या घालतं. पण त्यासाठी वरचं आकाश आपल्या ताब्यात लागतं. आपल्या दोन्ही सीमांवर तशी खात्री नाही. माझ्या मते मुख्य कारण हेच. म्हणून आपण झटकन येऊन मारा करून निघून जाणारी जग्वार आणि मिग-२७ ठेवली. मिग-२७लाही सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ होती. ओझरला बांधलेली ही विमानं २७ डिसेंबर २०१९ला जोधपूरहून शेवटची उडाली.

तोफेपेक्षा अवघड असतं ते ओळखणं. आमच्याकडे गच्चीवरून केळीची बाग बघा, नुसती पानं दिसतात. आत मजूर आहे की रानडुक्कर, सांगता येत नाही. पायलटला तर हे क्षणात ठरवायचं असतं, आणि खाली आपलीच पोरं असतात.

५ डिसेंबर १९७१ला राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवाल्यात, पाकिस्तानी रणगाड्यांपुढे, हे जमलं. रात्रभर मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने एकट्याने तग धरला, कारण जैसलमेरच्या आपल्या हंटर लढाऊ विमानांना रात्री मारा करता येत नव्हता. उजाडल्यावर मेजर आत्मासिंग छोट्याशा कृषक विमानातून वरून लक्ष्य दाखवत राहिले आणि हंटरांनी उघड्या वाळूत रणगाडे टिपले. वर पाकिस्तानचं एकही विमान नव्हतं. हंटर काही खास या कामासाठी बनवलेलं विमान नव्हे, तरी काम झालं.

कारगिलला उलट झालं. २८ मे १९९९ला हल्ल्यावर गेलेलं एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पडलं, चौघे गेले. त्या उंचीवर, त्या क्षेपणास्त्रांपुढे, हळू उडणारं ए-१०सुद्धा सोपं सावज ठरलं असतं, असं मला वाटतं. पुढे टायगर हिलवर मिराज लढाऊ विमानांनी उंचावरूनच लेझर बॉम्ब टाकले.

जवळून साथ देण्याचं काम आता बरंचसं हेलिकॉप्टरकडे आलंय. हिमालयाच्या उंचीसाठी घडवलेलं 'प्रचंड' ३ ऑक्टोबर २०२२ला हवाई दलात दाखल झालं, तेही जोधपूरलाच.